निशाणी चष्मा

लग्नाच्या पंगतीत बायको मला शेजारी बसवून घेते ती प्रेमापोटी नव्हे, पहाऱ्यासाठी. मी लोकांच्या डोळ्यांकडे टक लावून बघतो, असा तिचा आरोप आहे आणि तो खरा आहे. वाढपी लांबून येत असताना त्याच्या हातातली बादली जिलेबीची की भाजीची, हे ओळखायला समोरच्या पंगतीतल्या कुणी डोळे बारीक केले, की माझा घास हातातच राहतो. मागे एका लग्नात मी उठून सरळ त्या गृहस्थांजवळ गेलो आणि "तुमचे डोळे शेवटचे कधी तपासलेत?" असं विचारलं. ते निघाले नवरदेवाचे मामा. मानपानाचं राहिलं बाजूला आणि डोळ्यांचं काढलं, म्हणून ते जे रुसले ते थेट वरात निघेपर्यंत. नोकरी सुटली, पण खोड काही सुटली नाही.

मंठा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी डोळे तपासायचो. हुद्दा मोठा होता, नेत्र चिकित्सा अधिकारी. लोकांनी त्याचं सुटसुटीत 'चष्मेवाले साहेब' करून टाकलं होतं. आता जालन्याला मस्तगडात राहतो. गच्चीवरून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नंबर मी मनातल्या मनात काढत असतो. बायको म्हणते, "पेन्शन बसून खाण्यासाठी असती, लोकांचे डोळे मोजायसाठी न्हाई."

माझं काम काय होतं, ते सोपं करून सांगतो. काही माणसांच्या डोळ्याचा गोळा जरा लांबट असतो. त्यामुळे लांबच्या वस्तूचं चित्र आतल्या पडद्याच्या अलीकडेच जुळतं आणि पडद्यावर पोचेपर्यंत विसकटून जातं. जवळचं मात्र उत्तम दिसतं. पुस्तकात ह्याला लघुदृष्टी म्हणतात, आमच्याकडे 'लांबचा नंबर'. ह्यातली गंमत अशी, की ज्याला हा नंबर असतो त्याला तो आहे हे कळत नाही. लहानपणापासून जग तसंच दिसत आलेलं, म्हणजे ते सगळ्यांनाच तसं दिसत असणार, अशी त्याची खात्री असते. म्हणून ही माणसं आपण होऊन दवाखान्यात येत नाहीत. ती हुडकावी लागतात.

हुडकायची कशी? शाळेतलं पोर शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं आणि मास्तर त्याला कामचुकार म्हणतात. बी.ए. झालेला माणूस पाटी लावलेल्या एसटीपुढे उभा राहून कंडक्टरला विचारतो, "कुठं चालली गाडी?" म्हातारी बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते आणि अंगणात आलेल्या सख्ख्या जावयाला "कोण पाहिजे?" म्हणते. पण माझ्या मते सगळ्यात पक्की खूण वेगळीच आहे आणि ती कुठल्या पुस्तकात नाही. आमच्याकडे रस्त्याच्या पलीकडून कुणी राम राम घातला, जय भीम केला, सलाम केला, तर तो घ्यावाच लागतो. जो घेत नाही तो मगरूर. तेव्हा एखाद्या गावात "फलाणा लई शेफारलाय, वळख देत न्हाई" असं ऐकलं, की मी त्याला दवाखान्यात धाडा म्हणायचो. त्यातले काही खरोखरच शेफारलेले निघायचे, ते सोडा. बाकीच्यांना नंबर असायचा.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना भेटली. आमच्याकडे एक पत्र्याची काळी चकती असते, तिला बारीक छिद्र असतं. लांबचा नंबर असलेल्या माणसाने त्यातून पाहिलं तर समोरची अक्षरं चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतात. एका भल्या माणसाने ती चकती खिशात घालून घरी नेली आणि डोळ्याला लावून क्रिकेटची अख्खी मॅच बघितली. आठवड्याने परत आणून दिली ती तक्रारीसह. "साहेब, बॉल दिसतो बराबर, पण मैदान दिसत न्हाई."

नुकतीच वाटणी झालेले दोघे भाऊ आले होते. धाकट्याला पावणेतीन नंबर निघाला, थोरल्याला दीड. थोरला उठेचना. "साहेब, त्याला पावणेतीन आन् मला दीड? थोरला मी हाय." नंबर कमी असणं चांगलं, हे मी परोपरीने सांगितलं. तो म्हणाला, "वाटणीतबी मला असंच समजावल्तं."

पण एवढ्या वर्षांत एक प्रकरण असं झालं, की त्यात माझ्या चष्म्याने निवडणूक फिरवली. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची बदलून सांगतो. तिथे अजून माझी सोयरीक आहे.

मंठ्याजवळच्या एका गावात सरपंचाची जागा महिलांसाठी सुटली. मनीषा नावाची पस्तिशीतली सून उभी राहिली. बारावी झालेली, बोलायला कमी, पण डोक्यात एक गोष्ट पक्की. एसटी गावात यायची नाही, मुली मंठ्याच्या शाळेला जायला फाट्यापर्यंत चालत जायच्या आणि आठवी झाली की बाप म्हणायचे, बास झालं. मनीषाची स्वतःची पोरगी आठवीत होती. एसटी गावात आणायची, एवढ्यासाठी ती उभी होती.

तिची माझी गाठ पडली ती तिच्या सासूमुळे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या दर आठवड्याला तपासायला यायच्या. त्या दिवशी संगे मनीषा आणि तिचा नवरा दत्ता होते. बाकावर त्यांच्याच गावची गयाबाई बसलेली. साठीची, ठसक्याची बाई. तिने मनीषाला पाहून तोंडभर हसून हात केला. मनीषा तिच्यासमोरून चालत गेली आणि भिंतीवरची 'डोळे तपासणी' ही पाटी नाक लावून वाचू लागली.

गयाबाईने हात खाली घेतला. "बघितलं का साहेब? आत्ताच असं. निवडून आल्यावर तर आभाळाला हात टेकतील."

माझे कान टवकारले. मी म्हणालो, "ताई, सासूबाईंचं होईपर्यंत तुम्ही जरा ह्या खुर्चीत बसा."

दत्ता मध्ये पडला. "साहेब, हिचे डोळे बिलकुल ठीक हायेत. तांदळात खडा ऱ्हाऊ देत न्हाई. हिला नुस्ते तोंडं ध्यानात ऱ्हात न्हाईत. म्हणून मी संगं असतो ना."

मग कळलं, दत्ताने एक पद्धत बसवली होती. प्रचाराला निघालं की तो तिच्या एक पाऊल मागे चालायचा आणि ओठ न हलवता पुटपुटायचा, "डाव्या हाताला किसनमामा. पुढं पाटलाची सून. आता हात जोड." बायको नावं विसरते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बायकोचीही तीच.

तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, डब्याएवढं अक्षर सोडलं तर तिला काहीही वाचता आलं नाही. छिद्राची चकती लावली तर चार ओळी खाली उतरली. दोन्ही डोळ्यांना साडेतीन निघाला. तपासणीच्या जड फ्रेममध्ये काचा बसवल्या आणि नेहमीप्रमाणे मी तिला बाहेर वऱ्हांड्यात नेलं. नवा नंबर माणसाला तक्त्यावर दाखवण्यात मजा नाही, रस्त्यावर दाखवावा.

ती बराच वेळ वर बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अगं बया, खांबाला तारा हायेत!"

"मग?" दत्ता म्हणाला.

"मला वाटायचं, गावाबाहेर खांब नुस्तेच उभे केलेत. तारा जमिनीतून गेल्या असतील."

मी हसलो, दत्ता हसला. नंतर दत्ता हसायचा थांबला. बायको नावं विसरत नव्हती, तिला तोंडंच दिसत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. चार-पाच दिवसांत चष्मा तयार झाला आणि ती तो घालून गावी गेली. मला वाटलं, प्रकरण संपलं.

घोडं अडलं ते पुढे. निशाण्यांचं वाटप झालं. मनीषाला मिळाली कपबशी. आणि तिच्या विरोधात उभ्या असलेल्या शकुंतलाबाईंना, ज्यांना डोंगरावरची शेळी कुणाची आहे हे अंगणातून सांगता येतं, त्यांना मिळाला चष्मा.

दुसऱ्याच दिवशी दत्ता माझ्या टेबलासमोर. रुमालात बांधलेला बायकोचा चष्मा त्याने मूर्ती ठेवावी तसा ठेवला.

"साहेब, हा तुमच्यापाशी ठिवा. विलेक्शन होवोस्तर."

"आणि त्या काय घालणार?"

"काय घालणार? आमचीच उमेदवार नाकावर त्यांची निशाणी मिरवत फिरायली. काल मुकादमाच्या दारात गेल्तो. ही म्हणली, मामा, आम्हाला मत द्या. तो म्हणला, देतो की, चष्म्यालाच देतो, आताच दिसला. सांगा, मंग काय करावं?"

"घरी ठेवा कपाटात."

"घरी ठिवला तर ती घालती ना!"

मी म्हणालो, ही जबरदस्ती झाली, मला हे पटत नाही. मग मी डोक्यातला शहाणपणा पाजळला. डोळ्यांच्या आत घालायच्या काचा मिळतात, जालन्याला जाऊन त्या बसवून घ्या, निशाणी कुणाला दिसणार नाही. दत्ता विचार करतो म्हणाला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "म्हातारी म्हणायली, सरपंचकीपायी माझ्या सुनंच्या डोळ्यात काचा घालायलेत, मी पोलिसात जाते." तो विषय तिथेच मिटला आणि चष्मा माझ्या खणात राहिला.

पुढच्या बातम्या मला सासूबाईंकडून कळत गेल्या. मोतीबिंदू निघाल्यापासून त्यांना इतकं लख्ख दिसायचं, की गावातलं काही सुटायचं नाही. "साहेब, काय उजेड पाडलात तुम्ही! मला समदं दिसतंय आन् हिला काहीच न्हाई."

शकुंतलाबाईंच्या लोकांनी बाजारातून प्लॅस्टिकच्या फ्रेमा आणल्या होत्या. काच नसलेल्या, रंगीबेरंगी. पारावर बसलेले म्हातारे, पाणी भरणाऱ्या बाया, ट्रॅक्टरवरचे गडी, सगळ्यांच्या नाकावर चष्मा. ज्यांना गरज नाही त्या अख्ख्या गावाला चष्मा होता आणि जिला होती तिचा माझ्या खणात, स्टेपलर आणि ड्रॉप्सच्या बाटल्यांमध्ये पडला होता. खण उघडला की तो माझ्याकडे बघायचा आणि मला राग यायचा. दत्ताचाही आणि माझाही.

चष्मा नाही म्हटल्यावर दत्ताने नवा नियम काढला. "जे हलतंय त्याला हात जोड." मनीषाने तो मनापासून पाळला. तिने वाऱ्याने फडफडणाऱ्या ताडपत्रीला नमस्कार केला. गोठ्याच्या दारातल्या म्हशीला "लक्ष असू द्या" म्हणाली. दत्ता पाणी प्यायला मागे राहिला तेवढ्यात ती थेट शकुंतलाबाईंच्या ओसरीवर चढली आणि हात जोडून म्हणाली, "मामी, ह्या वक्ताला आपली कपबशी ध्यानात ठिवा." शकुंतलाबाई खमक्या. त्यांनी तिला बसवून कपबशीतच चहा पाजला आणि म्हणाल्या, "ठिवते हो. तू आमचा चष्मा ध्यानात ठेव." गाव हसून हसून दमलं.

इथपर्यंत ठीक होतं. हसणारा माणूस मतही देतो. पण कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणीला जाताना आमच्याकडच्या बाया साडीवरून नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल गुंडाळतात. तशी एक आकृती बांधावरून येताना मनीषाला दिसली. दत्ता खोकत होता, त्याचं पुटपुटणं उशिरा आलं. मनीषा म्हणाली, "मामा, राम राम. कपबशी."

ती गयाबाई होती.

"मामा? मी बाप्या दिसते का हिला? दवाखान्यात वळख दिली न्हाई, गप बसले. आता बाप्या केलं!" गयाबाईने डोक्याचा रुमाल काढून आपटला. आणि गयाबाई म्हणजे एकटी गयाबाई नव्हे. तिच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या तिच्या शब्दावर चालायच्या. सासूबाई डोळ्यात ड्रॉप टाकून घेत म्हणाल्या, "गल्ली गेली साहेब. एसटीबी गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी उघडायच्या आधी मनीषा दारात उभी होती. एकटी. फाट्यापर्यंत चालत, तिथून काळीपिवळी जीपने आली होती. कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "साहेब, माझा चष्मा द्या."

मी खण उघडला. पण विचारल्याशिवाय राहवेना. "आणि निशाणीचं?"

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "साहेब, चष्मा ते तीन-चार दिवस माझ्यापाशी होता ना, तवा एकदा मी हापश्यावर उभी होते. लांबून गयामावशी येत होत्या आन् हसत होत्या. मी मागं वळून बघितलं, कोणाला हसायल्यात. मागं कोणीच नव्हतं."

मी खणातला चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला.

"पंधरा वर्षं झाले नांदाया येऊन. मला वाटायचं, ह्या गावात मला बघून कोणी हसतच न्हाई. जवळ येऊस्तर समद्यांचे तोंडं कोरे. मंग मीबी बोलत नव्हते. गाव म्हणायचं, ही मगरूर. मी म्हणायची, गाव मगरूर." तिने चष्मा घातला, काड्या कानांवर नीट बसवल्या. "पडले तर पडले. पण तोंडं परत पुसून घेणार न्हाई मी."

एवढ्या वर्षांत मी किती जणांना चष्मे दिले, त्याची मोजदाद नाही. माणसाच्या डोळ्याचा दोष आपण खुशाल त्याच्या स्वभावाच्या माथी मारतो, हे मी भाषणांतून शंभरदा सांगितलं असेल. पण त्या नंबरच्या अलीकडून जग किती एकाकी दिसतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि तिचा फार अभिमानही वाटला. मी तिला चहा मागवला, तर ती म्हणाली, "नको साहेब, जल्दी जायचंय. गयामावशी रानात जायच्या आत."

पुढचे दिवस तिने गाव पालथं घातलं. दत्ताला घरी बसवलं. गयाबाईच्या दारात जाऊन तिच्या पाया पडली आणि स्वतःचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर ठेवला. म्हणाली, "आता जसं दिसतंय ना मावशी, तसं मला ह्याच्याबिगर दिसतं." गयाबाईला समोरची भिंतसुद्धा डुलताना दिसली. "अगं लेकरा," ती म्हणाली, "अशी तू माझ्या दारातून पंधरा वर्षं जायलीस?" राग तिथेच संपला.

मग मनीषा गल्लीच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला नाव घेऊन हाक मारू लागली. लोक दारं उघडून बघू लागले. पारावर शकुंतलाबाईंचा एक कार्यकर्ता निळी फ्रेम घालून ओरडला, "ताई, आमची निशाणी घालून फिरायलात, इकडंच या की!" मनीषा त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या चष्म्याच्या मोकळ्या गोलातून बोट आरपार घालून त्याच्या भुवईला टेकवलं. "काच कुठंय रे ह्याला? माझा नंबरचा हाय. तुमचा नुस्ता दाखवायचा." सारा पार हसला, तो कार्यकर्तासुद्धा. त्या दिवसापासून गाव तिला 'चष्मेवाली ताई' म्हणू लागलं. पोरं म्हणायची, म्हातारे म्हणायचे. सासूबाई मला सांगायला आल्या तेव्हा त्यांची छाती फुगलेली होती. "हवा फिरली साहेब. गल्ली वापस आली."

मतदान झालं, मोजणी झाली. मनीषा पडली. तेही अगदी थोडक्यात, एखाद्या गल्लीच्या फरकाने.

दोन-तीन दिवसांनी ती सासूला शेवटचं तपासायला घेऊन आली. चष्मा नाकावर होता. मला वाटलं रडवेली असेल, तर तसं काही नव्हतं. एसटीचं काय, म्हणून विचारलं. "शकुंतलामामींकडं रोज जाऊन बसते. अर्ज मीच लिहून दिला, त्यांनी सही केली. म्हणल्या, तू माझ्या डोक्याला ताप हायेस, बस घेऊन ये आन् गप बस."

"पण ताई, गल्ली तर परत आली होती ना? मग झालं काय?"

ती सासूकडे बघायला लागली. सासू भिंतीकडे. शेवटी मनीषाच बोलली.

"निकालाच्या दिवशी गयामावशी आल्या. त्यांना अजून कळालं नव्हतं. टाळ्या वाजवत आल्या. म्हणल्या, 'मनीषा, तुझ्या चष्म्यालाच दिलं बघ मत! आमच्या गल्लीतल्या समद्या म्हाताऱ्यांना मीच शिकवून नेलं. म्हणलं, दुसरं काही बघू नका, आपल्या पोरीचा चष्मा दिसला की बटण दाबा.'"

मी कपाळाला हात लावला. दत्ताची भीती अशी खरी व्हायची होती, तीही गाव तिच्यावर माया करायला लागल्यामुळे.

"मग तुम्ही सांगितलं का त्यांना? मत कुणाला गेलं ते?"

"न्हाई." तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. "कसं सांगू साहेब? गल्लीच्या त्या टोकापासून हसत आल्त्या त्या."